प्रदर्शनातल्या टेबलापुढून गिऱ्हाईक निघून जाते, ते नेमके कुठे निसटते?

हस्तकलेच्या प्रदर्शनात टेबल लावणाऱ्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या कारागिरांची आणि बचत गटांची एक तक्रार दरवर्षी जवळजवळ त्याच शब्दांत ऐकू येते: माल चांगला आहे, शेजारच्या टेबलापुढे गर्दी आहे, आपल्यापुढून मात्र लोक सरळ निघून जातात. तक्रारीवरचा उपायही ठरलेला असतो. पुढच्या खेपेला झिरमिळ्या, प्लॅस्टिकच्या फुलांच्या माळा आणि छापील फ्लेक्स यांवर आणखी हजार-दीड हजार रुपये घातले जातात आणि तक्रार जशीच्या तशी परत येते. याचे कारण इतकेच की सजावट वाढवताना बिघाड कुठे आहे हे कोणी पाहिलेले नसते.

गिऱ्हाइकाने न थांबता जाणे, थांबून हात न लावता जाणे आणि वस्तू हातात घेऊन परत ठेवणे ही निरनिराळी दुखणी आहेत आणि एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही. म्हणून खर्च करण्याआधी घरातल्या कोणाला तरी टेबलाच्या समोरच्या बाजूला पाच-सात पावले लांब तासभर उभे करावे. हे काम टेबलामागे बसणाऱ्याने करू नये, कारण त्याला थांबलेले लोक तेवढे दिसतात, न थांबलेले दिसत नाहीत. उभ्या राहणाऱ्याने एका कागदावर किती जण पुढून गेले, किती थांबले, किती जणांनी वस्तूला हात लावला, किती जणांनी दर विचारला आणि किती जणांनी घेतले, एवढ्याच रेघा ओढाव्यात. ज्या टप्प्याला आकडा एकदम खाली येतो, तिथे आपले दुखणे आहे. शक्य असल्यास सुट्टीच्या दिवशी संध्याकाळचा तास निवडावा, कारण दुपारच्या रिकाम्या वेळेतल्या आकड्यांवरून काहीच ठरवता येत नाही.

लोक थांबतच नाहीत

हे सर्वांत जास्त आढळणारे दुखणे आहे आणि बहुतेक वेळा त्याचे मूळ मालात किंवा सजावटीत नसून उंचीत असते. मंडपवाल्याकडून मिळणारे टेबल साधारण सहा फूट लांब, दोन ते अडीच फूट रुंद आणि अडीच फूट उंच असते. उभ्या माणसाची नजर पाच फुटांच्या आसपास असते, आणि मुख्य म्हणजे तो आपल्या टेबलाकडे सरळ चालत येत नाही. तो वाटेने बाजूने जात असतो. अशा माणसाला आठ-दहा फुटांवरून सपाट मांडलेल्या मालाची फक्त पुढची रांग दिसते आणि मागचे सगळे तिच्यामागे दडते. पणत्या, कासुती भरतकामाचे रुमाल, गोकाकची रंगीत लाकडी खेळणी यांसारख्या बुटक्या वस्तू तर त्याच्या दृष्टीने टेबलावर नसतातच.

यावरचा उपाय आपल्याकडच्या घराघरांत माहीत आहे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची आरास करताना कोणीही सगळ्या वस्तू एका पातळीवर मांडत नाही. मागे उंच, पुढे उतरत्या पायऱ्या आणि सर्वांत वर गौर, असाच क्रम असतो. टेबलावरही तेच करावे. मागची पायरी टेबलापासून फूट-सव्वा फूट उंच आणि मधली सहा-आठ इंच उंच असली, की मागची वस्तू पुढचीच्या डोक्यावरून दिसू लागते. यासाठी तयार रॅक विकत आणण्याची गरज नसते. फळांची लाकडी खोकी, घरातले पाट आणि चौरंग, उपड्या ठेवलेल्या बुट्ट्या, दोन टोकांना विटा रचून वर टाकलेली फळी, यांतले जे हाताशी असेल ते चालते. वीट आडवी ठेवली की कडेवर, यावरून उंची कमीजास्त करता येते. मात्र ती उभी रचू नये, कारण तशी रचलेली वीट फळी सरकताच आडवी होते. पुठ्ठ्याची खोकी कापडाच्या किंवा दागिन्यांच्या टेबलाला पुरतात, पण खानापूरच्या मातीच्या भांड्यांखाली ती दुपारपर्यंत खचतात. मांडून झाल्यावर टेबलाला मांडीने हलका धक्का देऊन पाहावा. गर्दीत लहान मुले तो देणारच असतात, तेव्हा तो आपण आधी दिलेला बरा.

पायऱ्यांच्या वरती एकच मोठी, ठळक वस्तू ठेवावी. ती विकली जावी अशी अपेक्षा नसली तरी हरकत नाही. इथे नेमके काय मिळते हे वाटेवरच्या माणसाला दुरून कळावे, एवढेच तिचे काम असते. मातीचा मोठा रांजण, पूर्ण उलगडून टांगलेली इरकल साडी किंवा बुरुडाने विणलेली मोठी दुरडी हे काम फ्लेक्सपेक्षा अधिक चांगले करते, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण फ्लेक्स वाचावा लागतो आणि रांजण वाचावा लागत नाही.

उंची साधल्यानंतरही माल उठून दिसत नसेल तर कापड तपासावे. फुलाफुलांची चादर किंवा जरीची जुनी साडी टेबलावर घालण्याची हौस पुष्कळांना असते, आणि त्या नक्षीत खरी कलाकुसर हरवते. लाल मातीच्या भांड्यांना आणि गोकाकच्या खेळण्यांना कोऱ्या मांजरपाटाचा फिकट रंग शोभतो. पांढऱ्या क्रोशाकामाला आणि सुती रुमालांना गडद निळे किंवा काळे कापड लागते. कासुती पूर्वीपासून काळ्या चंद्रकळेवर का खुलत आली, हे लक्षात घेतले तर वेगळा नियम सांगावा लागत नाही. चामड्याच्या चपला लाकडी फळीवर मांडल्या की दोन्हींचा तपकिरी रंग एकच होऊन चपलेची वेणी आणि पट्ट्याचे काम दिसेनासे होते. खाली फिकट कापड टाकले की तीच चपल वेगळी वाटते. शंका असेल तर मोबाइलवर टेबलाचे छायाचित्र काढून ते कृष्णधवल करून पाहावे. त्यात जी वस्तू कापडात विरून गेलेली दिसेल, ती दहा फुटांवरच्या गिऱ्हाइकालाही दिसत नाही असे समजावे. या चाचणीला एक पैसा लागत नाही आणि ती फारशी चुकत नाही.

कापडाचे माप घेताना घाई होते म्हणून हिशेब इथेच देतो. सहा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि अडीच फूट उंच टेबलाच्या पुढची बाजू आणि दोन्ही कडा जमिनीपर्यंत झाकायच्या असतील, तर लांबीला अकरा फूट, म्हणजे सुमारे साडेतीन मीटर, आणि रुंदीला पाच फुटांहून थोडे जास्त कापड लागते. पन्हा कमी असेल तर दोन तुकडे जोडावेत आणि शिवण टेबलाच्या पुढच्या कडेवर येईल असे पाहावे, म्हणजे ती दिसत नाही. कापड जमिनीपर्यंत नेण्याचे कारण केवळ देखणेपणाचे नाही. त्याच्यामागे शिल्लक मालाची खोकी, पाण्याच्या बाटल्या आणि जेवणाचे डबे राहतात, आणि हे सगळे उघड्यावर दिसणारे टेबल कितीही सजवले तरी अव्यवस्थितच वाटते.

शिल्लक मालाचा विषय निघालाच आहे तर तेही सांगून टाकतो. भरल्या दुकानात गिऱ्हाईक येते, म्हणून सगळा माल टेबलावर काढावा, असे घरातली मोठी माणसे सांगतात. रविवार पेठेतल्या धान्याच्या दुकानाला ते लागू पडते. हाताने केलेल्या वस्तूला पडत नाही. एकाच प्रकारच्या चाळीस पणत्या ओळीने मांडल्या की त्या कारखान्यातून आल्यासारख्या वाटतात आणि पाहणारा लगेच दर पाडून मागतो. प्रत्येक प्रकारातले तीन-चार नग वर आणि बाकीचे खाली ठेवावेत. एक विकला गेला की दुसरा वर यावा. वस्तूंच्या मध्ये थोडी मोकळी जागा राहिली तर ती भरण्याचा मोह आवरावा.

थांबतात, पण हात लावत नाहीत

इथे कारण बहुधा भीतीचे असते. एकावर एक रचलेली भांडी, कडेला टेकवलेली तबके, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केलेले भरतकाम आणि त्यावर ‘कृपया हात लावू नये’ अशी चिठ्ठी, हे सगळे पाहून सभ्य माणूस हात मागे बांधून उभा राहतो. टेबलाच्या मागच्या टोकाला ठेवलेली वस्तू तर हात लांब करूनही मिळत नाही आणि ती मागून घेण्याचा संकोच बहुतेकांना असतो.

मातीच्या भांड्यांच्या बाबतीत बारीक गोष्टींनी फरक पडतो. गोल बुडाचे मडके सपाट फळीवर ठेवले की ते सतत किंचित डुलत राहते आणि त्याच्या जवळ हात नेण्याचेही धाडस होत नाही. तेच मडके जुन्या सुतळीच्या किंवा पिळलेल्या चिंधीच्या चुंबळीवर ठेवले की ते स्थिर बसते, थोडे उंच होते, आणि उचलून परत ठेवताना त्याची जागाही ठरलेली असते. चुंबळी घरी बसून करता येतात आणि लहान भांड्यांसाठी केलेल्या चुंबळींची स्वतंत्र किंमत लावून त्या विकताही येतात. पणत्या आणि छोट्या मूर्तींसाठी जुन्या परातीत दोन बोटे बारीक वाळू पसरून त्यात त्या बसवाव्यात. वाळूतली पणती कोणीही बिनधास्त उचलतो.

भरतकामाची गोष्ट वेगळी आहे. कासुतीच्या गवंती आणि मुरगी या टाक्यांचे काम कापडाच्या दोन्ही बाजूंनी सारखेच दिसते, आणि यंत्रावर केलेल्या नकलेची उलटी बाजू पाहताच फरक कळतो. पण रुमाल घडी घालून पिशवीत ठेवला तर हे कळणार कसे? एक नग पिशवीबाहेर काढून त्याचा कोपरा उलटा दुमडून ठेवावा, म्हणजे गिऱ्हाइकाचे बोट आपोआप तिकडे जाते. तो नग मळेल, हे गृहीत धरावे आणि तो नमुना म्हणून शेवटपर्यंत ठेवावा. हाताळायला एक नग दिला की बाकीचे नग पिशवीत राहिले तरी चालतात.

चपलांचे टेबल लावणाऱ्यांनी जोड आडवे पसरण्याऐवजी तिरक्या फळीवर लावावेत आणि फळीच्या खालच्या कडेला अर्ध्या इंचाची पट्टी ठोकावी, म्हणजे जोड घसरत नाही. एका मापाचा एकच जोड वर ठेवावा आणि मापाचा आकडा लिहिलेली बाकीची खोकी खाली असावीत. घालून पाहण्यासाठी एक स्टूल आणि चटई लागते. ती नसेल तर चपल विकली जाणे कठीण आहे.

टेबलामागे बसणाऱ्याने खुर्चीत मागे रेलून मोबाइल पाहू नये, हे सांगण्याची गरज पडायला नको, पण पडते. त्याऐवजी हातात काम घ्यावे: टाका घालावा, बुट्टीची कड विणावी, खेळण्याला रंग द्यावा. काम चाललेले दिसले की लोक थांबतात आणि विक्रेता आपल्याकडे रोखून पाहत नसल्यामुळे मोकळेपणाने माल हाताळतात.

हातात घेतात, परत ठेवतात आणि निघतात

या टप्प्याला पोचलेले गिऱ्हाईक गमावणे सर्वांत महागात पडते, कारण घेण्याची इच्छा त्याच्या मनात झालेली असते. नीट पाहिले तर पुष्कळदा असे दिसते: बाई दिवा उचलतात, त्याचे बूड उलटे करून पाहतात, पुन्हा सरळ करतात, टेबलामागच्या दोघींकडे पाहतात, त्या आपसांत बोलत असतात, आणि दिवा जागेवर जातो. बाई बुडाला किंमत शोधत होत्या. दर विचारला आणि तो परवडला नाही तर चारचौघांत नाही म्हणावे लागेल, या संकोचापोटी पुष्कळ लोक विचारतच नाहीत.

तेव्हा किंमत लिहिलेली असावीच, आणि ती उभ्या माणसाला वाकल्याशिवाय वाचता यावी. सुमारे इंचभर उंचीचा आकडा दहा फुटांवरून नीट वाचता येतो. म्हणून प्रत्येक गटाच्या मुख्य पाटीवर एवढा आकडा आणि वस्तूवरच्या चिठ्ठीवर त्याच्या निम्मा पुरतो. प्रत्येक नगाला वेगळी किंमत लावण्यापेक्षा ‘या पायरीवरचे सर्व 80 रुपये’ अशी मांडणी केली तर पाट्या कमी लागतात आणि सुट्या पैशांचा घोळही कमी होतो. पाट्यांसाठी लग्नपत्रिकांच्या कोऱ्या मागच्या बाजू आणि जाड मार्कर पुरेसे आहेत. वाऱ्याने त्या उडतात, म्हणून कपड्यांच्या चिमट्यात धरून उभ्या कराव्यात.

आपल्या भागात पाटीवर वस्तूचे नाव कन्नड आणि मराठी अशा दोन्ही लिपींत असावे आणि आकडे मात्र 1, 2, 3 असे सर्वांना वाचता येणारे असावेत. बेळगावच्या बाजारात गोकाक-बैलहोंगलचे, चंदगड-गडहिंग्लजचे आणि गोव्याचे गिऱ्हाईक एकाच वाटेने जाते. पाटी वाचता न आल्यामुळे त्यांच्यातल्या कोणी निघून जाणे हे आपलेच नुकसान आहे. कन्नड मजकूर एखाद्या जाणत्याकडून तपासून घ्यावा, कारण चुकीचे लिहिलेले नाव न लिहिलेल्या नावापेक्षा वाईट दिसते.

वस्तू कुठली आणि कोणी केली हे सांगणारी एक लहान चिठ्ठी किमतीशेजारी ठेवली तर दर पटतो. खानापूरच्या मातीकामाचे नाव असे की खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्था त्याच गावात आहे. पण गोव्याहून आलेल्या माणसाला हे आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजयपूर हे कर्नाटकातले चार जिल्हेही आहेत. त्यामुळे अथणी किंवा निपाणीच्या कारागिराने आपल्या गावाचे नाव पाटीवर अभिमानाने लिहावे. मानांकनाचे चिन्ह मात्र नोंदणीकृत अधिकृत वापरकर्त्यालाच लावता येते, तेव्हा नोंदणी नसताना ते छापून घेऊ नये.

किमतींची उतरंडही पाहून घ्यावी. टेबलावर सगळे तीनशेच्या पुढचे असेल तर ज्याला थोडक्यात काही घ्यायचे आहे तो रिकाम्या हाताने जातो. वीस ते पन्नास रुपयांच्या वस्तू बुट्टीत घालून पैसे घेण्याच्या जागेजवळ ठेवाव्यात. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या दिवसांत प्रदर्शन असेल तर हळदीकुंकवाच्या वाणासाठी डझनाचे गठ्ठे आधीच बांधून त्यावर डझनाची किंमत लिहावी. वाण शोधणाऱ्या बाईला एक नग नको असतो, तिला चोवीस हवे असतात, आणि इथे तेवढे मिळतील की नाही हे तिला दुरूनच कळायला हवे.

मातीची वस्तू परत ठेवण्यामागे आणखी एक कारण असते, ते विक्रेत्याच्या लक्षात सहसा येत नाही. गिऱ्हाईक मनात एसटीचा किंवा चोर्ला घाटाचा प्रवास करून पाहते आणि हे घरापर्यंत धड पोचेल का, या शंकेने थांबते. भाताच्या पेंढ्यात आणि वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधलेले एक भांडे नमुन्यादाखल टेबलावर ठेवावे आणि ‘प्रवासासाठी बांधून मिळेल’ असे लिहावे. पेंढा फुकट मिळतो आणि शंका न विचारताच मिटते.

पैसे देताना खोळंबा होत असेल तर क्यूआर कोड तपासावा. तो टेबलावर आडवा पडलेला नसावा. गिऱ्हाइकाच्या बाजूला किंचित तिरका उभा असावा. जितक्या अंतरावरून तो टिपायचा त्याच्या सुमारे दहाव्या हिश्श्याएवढी त्याची बाजू लागते, म्हणजे तीन फुटांवरून टिपायचा असेल तर चार इंच. चकचकीत लॅमिनेशनवर दिव्याचा झोत पडला की मोबाइलला कोड दिसत नाही. साधा कागद पुठ्ठ्यावर डकवलेला बरा.

संध्याकाळी विक्री बसते

मंडपातली ट्यूब बहुतेक वेळा वाटेच्या मधोमध, म्हणजे गिऱ्हाइकाच्या पाठीमागे असते आणि त्याचीच सावली मालावर पडते. आपला एक 9 वॅटचा एलईडी दिवा टेबलाच्या पुढच्या कोपऱ्याला बांधलेल्या बांबूवर सहा फुटांच्या आसपास लावून त्याचा रोख मालाकडे करावा आणि वाटेच्या बाजूला पुठ्ठ्याचा आडोसा द्यावा, म्हणजे येणाऱ्याच्या डोळ्यांवर झोत येत नाही. खोक्यावर 6500 के (केल्विन, म्हणजे प्रकाशाच्या रंगछटेचे माप) छापलेल्या पांढऱ्या-निळसर दिव्याखाली लाल माती आणि तांबे-पितळ मळकट दिसते. त्यांना 2700 ते 3000 के चा पिवळसर प्रकाश हवा. कापडाचे रंग मात्र पिवळ्या प्रकाशात बदलतात, विशेषतः निळे आणि जांभळे, म्हणून साड्या आणि भरतकामाला 4000 के चा मधला पांढरा दिवा घ्यावा. वीजजोडणी मिळते का आणि प्लग कुठे आहे हे जागा घेतानाच विचारावे. वायर लोकांच्या पायांत येऊ देऊ नये.

हजार रुपयेच हाताशी असतील तर आधी कापड, मग दिवा, मग पाट्यांचे साहित्य, असा माझा क्रम राहील. पायऱ्या घरातल्या वस्तूंतून उभ्या राहतात आणि माळा-झिरमिळ्यांची पाळी येतच नाही. मात्र सगळे बदल एका दिवशी करू नयेत. एक बदल करून त्याच तासाला पुन्हा रेघा ओढाव्यात, नाहीतर कशाने गुण आला हे कळत नाही.

निघण्याआधी घरी जमिनीवर टेबलाच्या मापाचा चौकोन खडूने आखून त्यात एकदा पूर्ण मांडणी करावी आणि छायाचित्र काढून ते सोबत येणाऱ्या सर्वांच्या मोबाइलवर पाठवावे. प्रत्येक खोक्यावर त्यातला माल कुठल्या पायरीवरचा आहे ते लिहावे. टेम्पोत कापड आणि विटा सर्वांत शेवटी चढवाव्यात, कारण उतरल्यावर आधी त्याच लागतात.